सोमवार सोडणाऱ्या देवरेबाई

देवरेबाई गेल्याची बातमी आमच्या जुन्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळीच आली. पाठोपाठ हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आणि त्या रांगेत मधेच एका सद्गृहस्थांनी लिहिलं, 'वजन आणि डायबेटिस, शेवटी नडलंच. वेळीच काळजी घेतली असती तर...' पुढे तीन टिंबं. मी हातातला चहा ओट्यावर ठेवला आणि त्यांना उत्तर लिहायला घेतलं. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी काहीच पाठवलं नाही, कारण मला जे म्हणायचं होतं ते त्या एवढ्याशा चौकोनात मावणारं नव्हतं. देवरेबाईंनी काळजी घेतली नाही असं म्हणणाऱ्याने त्यांना सोमवारी जेवताना पाहिलेलं नाही. मी पाहिलंय.

आमची शाळा मराठी माध्यमाची, सुरतेत डिंडोलीच्या वाटेवर. मुलं बहुतेक कापडाच्या लूमवर काम करणाऱ्यांची. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी आणि दुकानात गुजराती बोलणारी. मी त्यांना मराठी शिकवायचे. मी मूळची परभणीची, नवरा हजीऱ्याच्या कारखान्यात म्हणून सुरतेत आलेली. देवरेबाई खेळाच्या शिक्षिका. लग्नाआधी धुळ्याकडे खो-खो गाजवलेल्या, आणि मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चांगल्याच जाड. एकदा कुणीतरी त्यांच्यासमोर आदराने 'भारदस्त' असा शब्द वापरला तर त्या म्हणाल्या, "जाड म्हणा की सरळ. तुम्ही शब्द बदलल्याने माझं वजन उतरणार आहे का?"

एका क्रीडादिनाला एक पाहुणे आले होते. सडपातळ, पांढरा शर्ट, हातात फाइल. मैदानावर देवरेबाईंच्या समोर उभे राहून त्यांनाच विचारलं, "खेळाच्या शिक्षिका दिसत नाहीत कुठे?" आमच्या मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. देवरेबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्यासमोरच उभी आहे साहेब, दिसते तेवढी सगळी मीच." पाहुणे हसले. हसता हसता म्हणाले, बाई स्वतः पळून दाखवत असतील असं वाटत नाही. त्यावर बाईंनी त्यांना मोठ्या अगत्याने उद्घाटनासाठी खो-खोच्या रांगेत उकिडवं बसायची विनंती केली, फोटो चांगला येईल म्हणाल्या. साहेब बसले, फोटो निघाला, पण उठायची वेळ आली तेव्हा त्यांना उठता येईना. देवरेबाई त्यांच्याशेजारी स्वतः उकिडव्या बसल्या, हाताचा आधार न घेता उठल्या आणि मग त्यांना हात दिला. सगळी शाळा बघत होती. त्या दिवसानंतर मुलांमध्ये बाईंच्या आकाराबद्दल ब्र निघाला नाही.

सगळ्यांना त्या नुसत्या आडनावाने हाक मारायच्या. गायकवाड, पाटील, चौधरी. पुढे ना बाई, ना सर. खेळाडूंची सवय असेल. नवऱ्याचा उल्लेखसुद्धा 'आमचे देवरे' असा. मैदानावर खुर्ची ठेवायची नाही हा त्यांचा नियम होता आणि कुणी ठेवलीच तर त्यावर त्या मुलांची दप्तरं रचून टाकायच्या. कुणा जाड मुलीला कुणी चिडवलं की चिडवणाऱ्याला शिक्षा नसायची, त्याला त्या मुलीच्या संघात घालून तिला कर्णधार करायच्या. त्यांचं सगळंच असं समोरून असायचं.

फक्त एका बाबतीत ही बाई कुणाच्या समोर उभी राहायची नाही, निमूट मान खाली घालायची. ते म्हणजे उपवास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. आठवड्याला दोन तरी यायचेच, कधी तीन. यातला सोमवार सगळ्यात कडक. लग्नानंतर थोड्याच दिवसांत देवरेभाऊ ज्या डाइंग मिलमध्ये होते तिथे वाफेचा पाइप फुटला. भाऊ छातीपासून मानेपर्यंत भाजले. दवाखान्याच्या पायरीवर बसून बाईंनी महादेवाला सांगितलं की हा माणूस जगू दे, मी मरेपर्यंत सोमवार सोडणार नाही. भाऊ जगले. मग सोमवार सुटायचा प्रश्नच नव्हता.

डायबेटिस कळल्यावर बाईंनी साखर सोडली, तेल जवळजवळ सोडलं, तळण घरात बंद केलं. आमच्या सुरतेत घारीच्या दिवशी माणसं रस्त्याच्या कडेला चादरी अंथरून तुपात बुडालेली माव्याची घारी खातात, तिथे ही बाई बरोबर बसून नुसतं पाणी प्यायची आणि वर सगळ्यांची थट्टा करायची. आणि उपवास वाढवले. वजन उतरेल, साखर उतरेल, देवही खूश राहील, असा सगळा हिशेब. शिक्षकखोलीत त्यांचा उपवासाचा डबा उघडला की आम्ही सगळ्या आशेने बघायचो. दाण्याचा कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, उकडलेला बटाटा, भगर, वर एखादं केळं. संध्याकाळी पुन्हा तेच. "तेलाचा थेंब नाही गायकवाड, बघ," असं त्या डबा माझ्यापुढे सरकवत म्हणायच्या आणि मी कौतुकाने चमचा घालायचे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पीठ आणि पीठ म्हणजे अंगात जाऊन शेवटी साखरच, हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. उपवासाचा पदार्थ बाधेल कसा, असंच आम्हाला वाटायचं. आमच्या आयांनी तसंच शिकवलं होतं.

मग तो दिवस आला. मैदानावर खो-खोचा सराव चालू होता आणि मी सावलीत वह्या तपासत बसले होते. एकाएकी जाणवलं की बराच वेळ शिट्टी ऐकू आली नाही. वर पाहिलं तर बाई शिट्टी तोंडात धरून उभ्या होत्या, गाल फुगत होते आणि आवाज निघत नव्हता. अंगावरचा ब्लाउज घामाने निथळत होता. मी धावत गेले तर म्हणाल्या, "काही नाही, दम पुरेनासा झालाय. पित्त असेल." छातीत दुखतंय का विचारलं तर साफ नाही म्हणाल्या. जबडा जड वाटत होता, एवढंच. पाटील सरांनी रिक्षा बोलावली, तर तिच्याजवळ पोचेपर्यंत त्या वाद घालत होत्या. घाबरल्या की त्या घरच्या बोलीवर यायच्या, तशा आल्या. "माले काहीच व्हयेल नही, तू वर्गात जाय." मी गेले नाही.

दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी आम्हाला बाहेरच थांबवलं. हार्ट अटॅक होता. हृदयाला रक्त नेणारी एक नळी जवळजवळ बंद. त्याच दिवशी स्टेंट टाकला. दुखलं कसं नाही, हे मला कळेना. डॉक्टर म्हणाले की बरीच वर्षं साखर वाढलेली असली की नसा बधिर होत जातात, कधीकधी हृदय ओरडतं आणि माणसाला ऐकूच येत नाही. ते ऐकून मला मैदानावरची ती मुकी शिट्टी आठवली आणि मी तिथेच बाकावर रडले.

डॉक्टर गुजराती, तरुण, बोलायला गोड. बाई उठून बसायला लागल्यावर त्यांनी रिपोर्ट समोर धरला. बाईंनी आधीच तो चाळला होता आणि त्यांचा चेहरा विजयी होता. "टोटल कोलेस्ट्रॉल तो नॉर्मल है डॉक्टरसाहब. मैंने तेल छोड़ दिया है."

"जुओ बेन, देखो," डॉक्टर म्हणाले, "टोटल ठीक है. लेकिन जो अच्छा वाला है वो बहुत कम है, और ट्रायग्लिसराइड उतना ही ज्यादा." मग त्यांनी हजार वेळा समजावलं असेल तसं समजावलं. चांगलं कोलेस्टेरॉल नळ्यांमधली चरबी उचलून परत लिव्हरकडे नेतं. आपल्या सोसायटीत रोज सकाळी कचऱ्याची गाडी येते ना, तसं. पोटाची चरबी आणि साखर दोन्ही वाढलं की त्या गाड्या कमी होतात, आणि ज्या येतात त्याही नीट उचलत नाहीत. वाईट कोलेस्टेरॉलचा आकडा साधा दिसला तरी त्याचे कण बारीक होतात आणि नळीच्या भिंतीत जास्त सहज शिरतात. "एक नंबर देखकर खुश मत होना," ते म्हणाले. "खाती क्या हो?"

बाईंनी ताठ बसून सांगितलं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "साबुदाना, बटाटा, मोरैयो?" भगरीला गुजरातीत मोरैयो म्हणतात. बाईंनी मान हलवली. डॉक्टर हसले आणि मला त्यांचा राग आला, पण ते पुढे म्हणाले, "मेरी मम्मी भी यही करती है. सबको ठीक करता हूँ, उसको नहीं कर पाता." मग हात जोडून म्हणाले, उपास सोडा, नाहीतर या हृदयाची खात्री मी देणार नाही. वेळेवर जेवा, डाळी, भाज्या, थोडी भाकरी. गोळ्या एकही चुकवू नका. आणि बळ आलं की चाला, रोज.

"बाकी सगळं करीन," देवरेबाई म्हणाल्या. "सोमवार सोडणार नाही."

घरी आल्यावर त्यांनी गुरुवार सोडला, चतुर्थी-एकादशी सोडली. सोमवार धरून बसल्या. मग निदान साबुदाणा तरी नको म्हणून सोमवारी नुसतं ताक प्यायला लागल्या, तर साखर उतरवणाऱ्या गोळ्यांवर उपाशी राहून एका संध्याकाळी हातपाय थरथरून जिन्यातच बसल्या. दुसऱ्या सोमवारी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा घरात भांडण चाललं होतं. म्हणजे बोलत बाईच होत्या. देवरेभाऊ हा फार कमी बोलणारा माणूस, मानेवर भाजल्याची सुरकुतलेली कातडी, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. ते ताटात भाकरी आणि मेथीची भाजी घेऊन बाईंच्या पुढ्यात बसले होते आणि स्वतःही जेवत नव्हते.

"तुझा उपवास माझ्यासाठी आहे ना?" ते म्हणाले. "मग मीच सांगतो, पुरे झाला. मी जगलो. आता तू जेव."

"तुम्ही कोण सांगणारे?" बाई म्हणाल्या. "मी तुमच्याशी बोलले नव्हते. महादेवाशी बोलले होते."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. पण माझ्या घरात मीसुद्धा संकष्टी करतेच.

ताटातली भाकरी वाळत गेली. शेवटी बाई उठल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे. ज्याच्याशी बोलले त्याच्याशीच बोलून घेते."

श्रावण लागला. पहिल्याच सोमवारी त्यांनी मला बरोबर घेतलं. आमच्या भागातल्या महादेवाच्या देवळात ही गर्दी, हातात बेल, दुधाचे तांबे. आपल्याकडे व्रत संपवायचं तर रीतसर उद्यापन करतात, भटजी, जोडप्याला जेवण, दक्षिणा. आणि मरेपर्यंतचं व्रत असेल तर त्याचं उद्यापन करायला माणूस मागे उरत नाही, हे भटजींनी बाईंना आदल्या दिवशीच ऐकवलं होतं. बाई पिंडीपुढे उभ्या राहिल्या. हळू बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. मैदानावरच्या आवाजातच म्हणाल्या, "देवा, तू शब्द पाळलास, मीही पाळला. आता डॉक्टर म्हणतो, असं केलं तर मी मरेन. मी मेले तर ह्या माणसाला दोन वेळचं कोण घालणार? मला दिवा लावायला सांग, लावीन. चालत यायला सांग, येईन. उपाशी राहणार नाही. राग आला तर माझ्यावर काढ, त्याच्याकडे बघू नकोस."

मागे रांगेतलं कुणीतरी 'बाई गं' म्हणालं. देवरेबाई बाहेर आल्या, देवळाच्या ओट्यावर बसल्या, पिशवीतून डबा काढला. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, मटकीची उसळ. श्रावणी सोमवारी, महादेवाच्या दारात, सगळ्यांसमोर. घरी जाऊन गुपचूप जेवता आलं असतं, मी म्हटलंही तसं. म्हणाल्या, "चोरून कशाला? त्याला सांगूनच आले आहे." पहिला घास त्यांना गिळवेना, ते मला दिसलं. मग गिळला.

डिंडोलीत ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. बायका तोंडावर काही म्हणायच्या नाहीत, पण भाऊंकडे बघून हळहळायच्या, जणू ते आता थोड्या दिवसांचे पाहुणेच आहेत. आणि दैव कसं असतं बघा, श्रावण संपायच्या आत भाऊंना ताप भरला. उतरेना. रक्तातल्या प्लेटलेट कमी व्हायला लागल्या तेव्हा दाखल केलं. त्या दिवसांत सुरतेत घरोघरी तोच ताप होता, पण ते कोण ऐकतंय. बाईंची सख्खी नणंद दवाखान्यात येऊन कपाळावर हात मारून म्हणाली, "वहिनी, आते तरी धर सोमवार." दुसऱ्या दिवशी सोमवारच होता.

मी डबा घेऊन गेले, खरं सांगायचं तर दोन डबे घेऊन गेले. एकात भाकरी आणि दुधीची भाजी, दुसऱ्यात उपवासाचं. बाई मोडल्या असतील असं मला वाटलं होतं आणि मोडल्या असत्या तर मी त्यांना एका शब्दाने बोलले नसते. भाऊ डोळे मिटून पडले होते, हाताला सलाईन. नणंद पायथ्याशी जप करत बसलेली. बाईंनी दोन्ही डबे उघडून पाहिले आणि उपवासाचा बंद करून मला परत दिला. मग स्टुलावर बसून, नवऱ्याच्या उशाशी, भाकरी मोडून जेवायला लागल्या. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते पुसायलाही हात रिकामा नव्हता. घास घ्यायच्या, भाऊंच्या चेहऱ्याकडे बघायच्या, पुन्हा घास घ्यायच्या. नणंद उठून बाहेर गेली. मला त्या क्षणी इतकी भीती वाटली की मनातल्या मनात मीच त्यांच्या वाटणीचा एक सोमवार बोलून टाकला. अशी मी. आणि अशा त्या. भाकरी पूर्ण संपवली त्यांनी, गोळ्या घेतल्या, आणि भाऊंचे पाय चेपायला बसल्या.

भाऊंचा ताप त्याच आठवड्यात उतरला. सोमवारी जेवल्यामुळे उतरला नाही, आणि चढलाही त्यामुळे नव्हता. पण बाईंच्या खांद्यावरचं काहीतरी कायमचं उतरलं, ते आम्हाला सगळ्यांना दिसलं.

त्यानंतर त्यांनी चालायला सुरुवात केली. आधी सोसायटीतल्या आवारात, मग डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मैदानाला फेऱ्या. शाळेच्या चालकांनी मोठ्या मायेने त्यांना ग्रंथालय देऊ केलं, बसून काम. बाई म्हणाल्या, "बसूनच तर एवढी झाले. आता पुन्हा बसवता?" पुढे त्यांच्या मागे आसपासच्या पाच-सहा बायका चालायला यायला लागल्या, सगळ्या गोल, सगळ्या साखरवाल्या. रस्त्याने जाणारी पोरं हसायची. एकीने लाजून पदर घट्ट ओढला तर बाई तिला म्हणाल्या, "बारीक दिसायला नाही आलो आपण. जिवंत राहायला आलोय. हसू दे."

वजन उतरलं, पण असं नाही की कुणी ओळखू नये. त्या जाडच राहिल्या. चांगल्या कोलेस्टेरॉलचा आकडा पुढच्या वेळी थोडासाच वर आला, तेव्हा त्या खट्टू झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, त्या एकट्या आकड्याच्या मागे लागू नका, तो हट्टी असतो. साखर खाली आली, पोट उतरलं, ट्रायग्लिसराइड निम्म्यावर आलं, ते बघा. बाईंनी निघता निघता त्यांना विचारलं, "मम्मीने छोड़ा क्या?" डॉक्टर नाही म्हणाले. "मेरे पास भेजो," बाई म्हणाल्या. पाठवलं की नाही मला माहीत नाही, पण त्या दवाखान्यातून कुणाकुणाच्या आया आमच्या मैदानावर येत राहिल्या, हे खरं.

अशा दुखावलेल्या हृदयावर ही बाई निवृत्तीपर्यंत मैदानात उभी होती आणि नंतरही कितीतरी वर्षं जगली. ग्रुपवर 'नडलंच' लिहिणाऱ्याला हे सांगायला हवं. हृदय शेवटी सगळ्यांचंच थांबतं, बारकुड्यांचंही. त्यांचं झोपेत थांबलं, शिंदखेड्याकडच्या त्यांच्या गावी, भाऊ शेजारी असताना. आदल्या संध्याकाळी गावाबाहेरच्या देवीपर्यंत चालून आल्या होत्या म्हणे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सुरत सोडून गावी राहायला निघाल्या तेव्हा. उधना स्टेशनवर भुसावळकडे जाणारी गाडी, पलीकडचा फलाट, आणि मधे पूल. भाऊ सामान घेऊन पुढे गेले होते. मी म्हटलं, ताई, लिफ्ट आहे. त्यांनी लिफ्टपुढच्या रांगेकडे पाहिलं आणि पायऱ्यांकडे वळल्या. "ती ज्यांना लागते त्यांच्यासाठी असू दे."

एक एक पायरी, कठड्याला हात धरून. अर्ध्यावर दम लागला तेव्हा पायरीच्या मधोमध थांबल्या. मागे गर्दी तुंबली. पाठीवर बॅग घेतलेला एक तरुण वैतागून म्हणाला, "आंटी, साइड में हो जाओ ना. नहीं चढ़ा जाता तो लिफ्ट से जाओ."

माझ्या ओठांवर शब्द आला होता. बाईंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. दोन श्वास घेतले, पदर खोचला.

"रुको," त्या म्हणाल्या. "चढ़ रही हूँ."

आणि पाय उचलून त्यांनी पुढची पायरी घेतली. मागची सगळी माणसं त्यांच्या चालीने वर चढत गेली.